कृत्तिका यंदा मळकट

२४ जून, पहाटे
सान हुआनचा सण, कृत्तिका बघून पावसाचा अंदाज सांगायचा दिवस. टेकडीवर जाऊन कृत्तिका पाहिल्या. मळकट. नुसता धूसर ठिपका. म्हणजे पाऊस उशिरा, म्हणजे बटाट्याची लावणीही उशिरा. आजोबांपासून हा निकाल गावाला आमच्याच घरातून जातो. सांगून टाकला. मेव्हणा एवारिस्तो म्हणाला, "अहो दाजी, लखलखतायत की! तुम्ही बघताय कुठं?" याला तारे कधीपासून कळायला लागले? जन्मभर बस चालवली.

३ जुलै
बायको हिलारिया म्हणते, पुनो शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. कशाला? मला सगळं दिसतं. सकाळीच कुंपणापाशी एवारिस्तोला चांगलंच फैलावर घेतलं. गडी उत्तर देईना. जवळ गेलो तर लामा, रवंथ करत उभा. लामांच्या कानाला एवारिस्तोच्या टोपीसारखे रंगीत गोंडे बांधायची पद्धतच बंद केली पाहिजे.

१८ सप्टेंबर
गावसभेने माझं सगळं ऐकून घेतलं. माना डोलावल्या. मानाने चघळायला कोकाची पानं पुढे केली. आणि उठून लावणीला गेले! एकजात सगळे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी थांबणार. आजपासून शांत राहायचं. आभाळ बघायला सारखा अंगणात जातोय, तेवढंच. बाकी शांत.

२ ऑक्टोबर
आमच्यात पुरुषाने पायनांगराने ढेकूळ उलथायचं, बाईने खाली बटाटा ठेवायचा. आमचा पायनांगर भिंतीला टेकलेला. हिलारिया भावाच्या वावरात गेली. जाताना म्हणाली, "ज्याचा नांगर चालतो त्याच्यामागे जाते. तुम्ही बसा आभाळ राखत." टोमणा होता. दुर्लक्ष केलं. दिवसभर दुर्लक्षच करत होतो.
कोठीतल्या बियाण्याला लांबलचक कोंब आलेत. उत्साह म्हणायचा.

२० ऑक्टोबर
पाऊस. हा खरा पाऊस नव्हे.

९ नोव्हेंबर
पाऊस चालूच. खरा असावा. लावणी उरकली. माझा मुहूर्त आधीपासून हाच होता. हिलारिया भांडली नाही, मुकाट्याने मागून बियाणं ठेवत आली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी एवढंच म्हणाली, की सऱ्या वाकड्या झाल्यात. जमीनच वाकडी आहे.

१४ जानेवारी
गावाची झाडं फुलली म्हणतात. आमची अजून वीतभर. एवारिस्तो विचारतो, "दाजी, फेब्रुवारीतल्या गारठ्याला पण थांब म्हणून सांगणार का?" हसण्यावारी नेलं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पुढच्या सान हुआनला गाव कुणाकडे येणार? वडील गेले त्या वर्षीसुद्धा दारात लोक उभे होते, मी रडत बाहेर येऊन निकाल सांगितला होता. झोप नीट लागत नाही. उशी बदलायला हवी.

११ फेब्रुवारी
दोन रात्री कडाक्याची थंडी. हिलारिया पहाटे वावरात जाऊन आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "चहा घ्या." म्हणजे सगळं ठीक.

१६ फेब्रुवारी
कार्निव्हल. आज सगळं गाव एकेकाच्या वावरात जाऊन बटाट्याच्या झाडांना रंगीत कागदाच्या फिती बांधतं, नाचतं. आमची पाळी आली. वरच्या वळणावरूनच मला दिसलं. सबंध वावर पांढरंशुभ्र! बासरीवाल्यांना थांबवलं. म्हटलं, "बघा! म्हणत होतो ना? कशी फुललीत बघा!"
मग म्हटलं, वारा नाही, तरी फुलं कशी डोलतायत बघा.
हिलारिया कानाशी येऊन म्हणाली, "अहो, मेंढरं आहेत ती. आपलीच. थंडीनं सगळा पाला करपला, म्हणून मीच सोडली."
हसले असते तर भांडलो असतो. कुणी हसलं नाही. एवारिस्तोसुद्धा जमिनीकडे बघत राहिला.
घरी येताना हिलारियाने माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही. त्या वाटेला दगड फार आहेत.