अकरावं घर

१४ जानेवारी १९९६

बर्फ! गुडघाभर. गोठ्याकडे जाताना दोनदा आपटलो. बारामतीच्या डेअरीने दोन वर्षं जपानला धाडलं तेव्हा वरकुट्याच्या विहारात माझा सत्कार झाला होता. हार घालणाऱ्यांपैकी एकाला तरी आज इथे आणून उभं करायला हवं होतं.

पण आज एक चांगलं घडलं. डोंगरातल्या ह्या वाडीत घरोघर एक फळी फिरते. तिच्यावर नोटिसा — रस्ता कोणी झाडायचा, पाट कोणी उपसायचा, काचेचा कचरा कुठल्या दिवशी. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि फळी शेजारच्या घरी नेऊन द्यायची. घरं दहा. आज खाली अकरावं नाव होतं — संघपाल, त्यांच्या लिपीत! गोठ्यामागच्या खोलीत राहणारा मी एकटा जीव, पण मला घर म्हणून धरलं. शेजारच्या नाकामुरा आजींनी फळी माझ्या हातून दोन्ही हातांनी घेतली. खोलीत आलो. रडलो म्हटलं तरी चालेल, इथे कोण बघतंय.

२ फेब्रुवारी

संडासातल्या सपाता वेगळ्या असतात. त्याच घालून मोरितांच्या बैठकीत गेलो. मोरिता म्हणजे गोठ्याचे मालक. त्यांची बायको तोंडावर हात धरून हसली. दिवसभर माझी कानशिलं गरम.

१९ फेब्रुवारी

मोरिता खालच्या वाडीतल्या मयताला जाऊन आले आणि स्वतःच्याच दारात थांबले. बायकोने त्यांच्या छातीवर, पाठीवर, पायांवर मीठ टाकलं, मग आत घेतलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, मयताचं लागलेलं निघून जावं म्हणून.

म्हणजे विटाळच की. बुद्धाच्या देशात! तात्यांना हे कसं कळवू? त्यांना वाटतं, पोरगं अशा ठिकाणी गेलंय जिथं सगळे आपलेच. नाहीच कळवत.

७ मार्च

नाकामुरा आजोबा पहाटे गेले. मी त्यांच्या दारातला बर्फ काढला, पाणी भरलं. तेवढ्यात मोरिता आले. म्हणाले, "काळा कोट घाल. देवळातल्या भिक्षूंना आणि आजोबांच्या थोरल्या भावाला सांगून यायचंय. दोघांनी जायची रीत आहे."

घराघरात फोन आहे, तरी माणूस धाडायचा. आणि धाडायला सापडला कोण, तर मी!

माझा आजा मयताचा सांगावा घेऊन सणसरपर्यंत अनवाणी जायचा. तात्याही लहानपणी त्याच्याबरोबर गेलेत. घराबाहेर लांब उभं राहून ओरडून सांगायचं. तहान लागली तर ओंजळीत वरून पाणी ओतायचे. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो, त्यानंतर आमच्या घरातून सांगावा गेला नाही. आता तो मी नेऊ? शिकूनसवरून, विमानात बसून येऊन?

म्हणालो, "हे काम मी करत नाही." मोरितांना वाटलं मला भाषा कळली नाही. त्यांनी सावकाश पुन्हा सांगितलं, मीही सावकाश पुन्हा सांगितलं. आजी दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

८ मार्च

कुणी एक शब्द बोललं नाही. बरंच झालं. तात्यांना सगळं लिहून कळवलं. अभिमान वाटेल त्यांना.

२५ मार्च

वीट आलाय. इथे सगळे कमरेत वाकतात आणि मनातलं काही बोलत नाहीत. संध्याकाळी पाच वाजता खांबावरचा कर्णा गाणं वाजवतो — मुलांनो, घरी जा. रोज वाजतो. मला कुठं जाता येतंय!

११ एप्रिल

तात्यांचं पत्र. अक्षर बहिणीचं, रश्मीचं, शब्द त्यांचे.

"जय भीम. पत्र पावलं. तू न्हाय म्हनलास, तुझं तुला ठावं. पर येक इचारतो. आमी सांगावा घेऊन जायचो, तवा गावातलं दुसरं कुणी आमच्यासंगं कवा आलं न्हाय. तितं दोघं जात्यात म्हनतोस. मग तुझ्यासंगं दुसरा कोण हुता?"

एवढंच. खाली रश्मीने लिहिलंय, तात्यांनी तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं.

मी विचारलंच नव्हतं.

१२ एप्रिल

आज मोरितांना विचारलं. दुसरे हिरानो होते. निवृत्त हेडमास्तर, वाडीचे प्रमुख, सत्तरी उलटलेले! मयताच्या दोन्ही बाजूंच्या घरांनी जायचं, असं पिढ्यान्पिढ्या ठरलेलं आहे. आजींच्या उजवीकडे हिरानो, डावीकडे मी. बस्स, एवढंच होतं. मोरितांचे वडील गेले तेव्हा खुद्द नाकामुरा आजोबा गेले होते.

माझ्याऐवजी कोण गेलं? मोरिता खाली बघत म्हणाले, "हिरानो एकटेच गेले." एकट्याने जाणं इथे अशुभ मानतात.

देवा! — देव मानत नाही, तरी हाच शब्द आला. त्यांनी मला शेजारी म्हणून हाक मारली आणि मी त्यात वरकुट्याचा पाटील ऐकला. कुणाला तोंड दाखवू?

१३ एप्रिल

आजींसमोर गुडघ्यांवर बसून माफी मागितली. आजा, सणसर, ओंजळीतलं पाणी — सांगायला गेलो, पण माझं जपानी पुरलं नाही. आजीच उलट वाकल्या. म्हणाल्या, "चूक आमची. परदेशातल्या पाहुण्याला असलं काम सांगायला नको होतं." मी पाहुणा नाही म्हणालो. त्या हसल्या आणि आणखी खाली वाकल्या.

३० एप्रिल

गायी बऱ्या आहेत. मी नाही.

२१ मे

वरच्या घरातली म्हातारी गेली. कळल्याबरोबर काळा कोट घालून गेलो. बायका भात शिजवत होत्या, पुरुष पडदे बांधत होते, हिरानो बादल्या वाहत होते. मी एका बादलीला हात घातला. हिरानोंनी ती हळूच माझ्या हातून काढून घेतली, मला आत नेलं आणि पाहुण्यांच्या रांगेत पहिल्या जागेवर बसवलं. गादी दिली. चहा दिला. बाहेर दहा घरं काम करत होती.