बाबांचं ‘बघू’

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. आधी तुझे गुडघे, मग माझं रडगाणं. कसे आहेत? (जिना टाळतेस ना? खरं सांग.)

इकडे सगळं ठीक, फक्त घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाही. दोष अणुवीज केंद्रातल्या प्रशिक्षणाचा. नियंत्रण कक्षात कुणी काही सांगितलं की ऐकणाऱ्यानं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि सांगणारा ‘बरोबर’ म्हणेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ही सवय अंगात इतकी मुरली की सुट्टीत घरी आल्यावर आई ओरडली, “दूध उतू जातंय, गॅस बंद कर!” तर मी शेगडीपाशी ताठ उभी राहून म्हणाले, “दूध उतू जातंय, गॅस बंद करायचा,” आणि वाट पाहत राहिले. दूध काही थांबलं नाही. आई त्यावर जे बोलली ते ‘बरोबर’ नव्हतं. (ते मी परत म्हटलं नाही.)

बाबांची तऱ्हा निराळी. दुकानातली वीज गेली की हातातली दुरुस्तीला आलेली पंपाची मोटार बाजूला ठेवून ते गिऱ्हाइकांपुढे सुरू होतात, “किती दिवस परक्यांच्या ओंजळीनं पाणी प्यायचं? आज त्यांनी तेल रोखलं तर उद्या आपण अंधारात! अणुवीज हवी, आपली आपण! घरटी एक पोर त्या कामाला गेलं पाहिजे!” (एका केंद्रानं देश स्वयंपूर्ण होत नाही, हे मी सांगून पाहिलं. पण मूळ मुद्दा मलाही पटतो, म्हणून तर हे शिकले.) आता त्यांच्याच घरातलं पोर पास होऊन तिथे कायमचं रुजू व्हायला निघालं, तर म्हणतात, “एवढ्या लांब? एकटी? आणि अणूपाशी?” आणि शेवटी, “बघू.”

आत्या, ‘बघू’ परत म्हणता येतं, पण त्यावर करायचं काय? सोमवारी हजर झाले नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबांचं मन मोडून जाववत नाही आणि घरी राहवतही नाही. बॅग रोज भरते, रोज उपसते.

काकांना नमस्कार. गुडघ्यांना शेक दे.

तुझी भाची

ता. क. : खरं काम हे. बाबा जगात फक्त तुला घाबरतात. त्यांना फोन करून “पोरीला जाऊ दे” असं सांग, त्यांच्याकडून ते परत म्हणवून घे आणि मगच ‘बरोबर’ म्हणून फोन ठेव. (मीच तुला फोन केला असता, पण मला मध्येच रडू येतं. म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या शिंपीणमावशींच्या हाती पत्र देतेय.)

आणखी एक ता. क. : चोरून पाठवणं मनाला पटेना, म्हणून पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बघू.” तोच आई आतून म्हणाली, “बघू, असं म्हणालात. मी सोमवारपासून एका माणसाचं दूध कमी सांगितलंय. बरोबर?” बाबांना एकदम खोकला आला. अजून थांबलेला नाही. पत्र मिळताच फोन कर.