घडीत लपलेला डाग

नागपूर, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९७८

आज मोठ्या सरांशी, आमच्या विभागप्रमुखांशी, भांडलो. पश्चात्ताप? अजिबात नाही.

गांधीबागेतल्या कापडवाल्या काकाजींच्या लघवीच्या थैलीतली कॅन्सरची गाठ तीन महिन्यांपूर्वी मीच दुर्बिणीतून काढली होती. 'सगळी निघाली' असं छातीठोक सांगितलंही होतं. तरी पुन्हा लघवीत रक्त. सकाळी टेबलावर घेताना ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्ही कापडाचा ताका पुरा उलगडल्याबिगर घेत नाही. घडीत डाग लपते. तुम्ही मागच्या खेपेले घाई तं नाही केली?"

केली होती. त्या दिवशीची ऑपरेशनांची यादी उरकायची म्हणून अर्धवट भरलेल्या थैलीतच पाहिलं होतं मी.

आज थैली पाण्यानं पूर्ण भरली, ओटीपोट हातानं दाबलं, कानाकोपरा पाहिला. पुढच्या भिंतीवर, मागच्या वेळी सुरकुतीआड राहिलेली, दुसरी गाठ! घडीतला डाग. मुळासकट काढली.

सर घड्याळ दाखवत होते. "एकाच पेशंटवर एवढा वेळ? यादी कोण संपवणार?"

"यादी राहिली तर राहू द्या सर, गाठ राहायला नको," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

उद्या चार जण आहेत. सरांनी खुशाल घड्याळ बघावं. मी चारही थैल्या उलगडून बघणार.