आमच्याकडे शिवणाला असते

दि. ४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे बरा आहे. तू, वहिनी आणि मुलं ठीक असाल. गणवेशांची धांदल संपून दुकानात आता स्वेटरची कामं आली असतील.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. एक तर सोबत एक कागद आहे आणि त्याच्यावर तुझी शाईची सही लागते. दुसरं म्हणजे फोनवर तू बोलतोस आणि मी हो म्हणतो. माझं बोलायचं राहून जातं. पत्रात मला मध्येच कुणी तोडत नाही.

लॉन्ड्रीत नवा रोलर बसवला आहे. हॉटेलच्या ओल्या चादरी एका बाजूने घालायच्या, दुसऱ्या बाजूने वाळून कडक बाहेर येतात. मग आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून टोकं धरतो आणि घडी घालतो. माझा जोडीदार टोक सैल सोडतो, घडी वाकडी येते, आणि बोलणी मी खातो, कारण शेवटी चादर माझ्या हातात असते. इथे मला सगळे गुरुजी म्हणतात. भिंतीवर साहेबांनी आमच्यासाठी मराठीत लावलेल्या सूचनेतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मी पेनाने दुरुस्त केल्या, तेव्हापासून. आठवीत शाळा सुटलेल्याला गुरुजी म्हणतात याचं मला बरंही वाटतं आणि रागही येतो.

आता मुद्द्याचं. हिचा व्हिसा नामंजूर झाला. हे लग्न खरं आहे याची खात्री पटत नाही, असं त्यांनी कळवलं आहे.

आधी मी एका एजंटाकडे गेलो होतो. तो म्हणाला, “घाबरू नका, तुमचे दोघांचे फोटो बनवून देतो. बागेत, समुद्रावर, जिथे म्हणाल तिथे.” मी म्हटलं, आम्ही समुद्रावर गेलो नाही. तो म्हणाला, “म्हणून तर बनवायचे.” मी उठून आलो. मग आमच्या मुकादमाने एका वकीलबाईंचं नाव सुचवलं. त्या फक्त नवरा-बायकोच्या व्हिशाचीच कामं करतात. चपला शिवणाऱ्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे. दोन खुर्च्या, एक पंखा आणि छतापर्यंत फायली. त्या चहा विचारत नाहीत. थेट विचारायला लागतात.

मी सगळे फोटो तारखेप्रमाणे लावून नेले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि एकेक पाहिला. लग्नातले सोडले तर एकाही फोटोत आम्ही दोघं शेजारी नाही. मी एका टोकाला, ही दुसऱ्या टोकाला, मध्ये तू आणि वहिनी. आपल्याकडे असंच उभं राहतात, त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

“हे मधले कोण?”

“मोठा भाऊ.”

“पैसे कुणाच्या खात्यावर पाठवता?”

“मोठ्या भावाच्या.”

“बायकोशी बोलायला फोन कुणाला करता?”

मी पुढचा फोटो त्यांच्यापुढे सरकवला.

“कागदावर बघितलं तर तुमचा संसार भावाशी चाललाय,” त्या म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

पण नामंजुरीचं मोठं कारण हे नाही. अर्जात हिचा म्हणून जो नंबर दिला होता, त्यावर त्यांच्या कचेरीतून खात्री करायला फोन आला होता. त्या नंबरचा मोबाइल मी हिच्यासाठी पाठवला होता. तो काउंटरवर असतो आणि तुला ऑर्डरी घ्यायला सोयीचा पडतो, हे मला माहीत आहे. फोन एका पुरुषाने घेतला आणि ही बाई आमच्याकडे कामाला आहे असं सांगितलं. आपल्या दुकानातल्या कटर मास्तरांना कमी ऐकू येतं, ते फोनला हात लावत नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकाने उचलला असेल. गर्दीत कुणी काही बोलून गेलं असेल. तुला आठवत असेल तर कळव.

सोबतच्या कागदावर एवढंच आहे, की ती माझी बायको आहे, तुझ्या घरी राहते, आणि मी पाठवतो त्या पैशांत तिचा खर्च धरलेला असतो. सही करून कुरियरने परत पाठव. या महिन्याच्या अखेरीला अपिलाची मुदत संपते. ती हुकली तर सगळं पहिल्यापासून, आणि वकीलबाई म्हणतात, एकदा खोटं ठरलेलं लग्न दुसऱ्यांदा खरं ठरवायला वर्षं जातात. लग्न झाल्यापासून आम्ही एका छपराखाली किती थोडे राहिलो ते तुला ठाऊक आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा


दि. १५ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार.

परवा तुझा फोन आला. नेहमीप्रमाणे मी हो हो म्हटलं. ठेवल्यावर पाहिलं तर ज्या गोष्टींना हो म्हटलं त्यातली एकही मला पटलेली नव्हती. म्हणून पुन्हा लिहितो.

तू म्हणालास, फोन मीच घेतला होता, कामगार खात्याचा वाटला म्हणून तसं बोललो. तू म्हणालास, कोर्टकचेरीच्या कागदावर मी सही करत नाही, आपल्या बापानेही केली नाही. आणि वर म्हणालास, “इतकी घाई काय आहे, धाकटीला इथे काही कमी आहे का?”

दादा, मी त्या दुकानात आठवीपासून बसलो आहे. कामगार खात्याचा माणूस आला की काय बोलायचं ते तूच मला शिकवलंस. काज करणारी माझी मावशी, बटणं लावणारी चुलत बहीण, इस्त्रीवाला मामा. सगळी घरची माणसं, कामाला कुणीच नाही. एकदा तर तू त्या इन्स्पेक्टरला कटर मास्तर आपले आजोबा आहेत म्हणून सांगितलंस. मास्तर तुझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे. त्यांना ऐकू आलं नाही म्हणून निभावलं. आपण रात्री जेवताना किती हसलो होतो.

म्हणजे खात्याचा फोन आला की तू परक्याला घरचं करतोस. इतकी वर्षं केलंस, जीभ एकदाही घसरली नाही. मग त्या एका दिवशीच घरच्या माणसाला परकं करायचं तुला कसं सुचलं?

मी हे वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, “भाऊ हुशार आहे.” मी म्हटलं, हो, पहिल्यापासून.

आता जे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. गिऱ्हाइकाने उचलला असेल असं मी लिहिलं, तेव्हा मला माहीत होतं. मला वाटलं होतं, तू आपणहून सांगशील. तुला वाट करून दिली होती.

ही त्या वेळी ओव्हरलॉकच्या मशीनवर बसली होती, काउंटरपासून हातभर लांब. शेजारच्या चष्मेवाल्याच्या बायकोच्या फोनवरून तिने मला सगळं सांगितलं. नामंजुरी येईपर्यंत ती गप्प होती. तिला वाटलं, भावाभावात आपल्यामुळे नको. तू आधी तिचं नाव ऐकलंस, मग तिच्याकडे बघितलंस. तिला वाटलं, आता फोन आपल्या हातात देणार, म्हणून तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं. तू म्हणालास, “हो, आमच्याकडे शिवणाला असते.” त्यांनी पुढे काही विचारलं. तू म्हणालास, “नातं कसलं? कामाला आहे म्हटलं ना.” आणि फोन ठेवलास.

तिने मशीन बंद केलेलं होतं. तू विचारलंस, “मशीन का थांबलं?”

तिने सुरू केलं.

मी हे लिहून झाल्यावर दोनदा वाचलं, कुठे जास्तीचं लिहिलं गेलं नाही ना म्हणून. नाही.

काज-बटण आणि ओव्हरलॉक दोन्ही येणारं माणूस सहज मिळत नाही हे मला कळतं. मिळालं तरी पगार मागतं. तू मला आधी म्हणाला असतास, की हा हंगाम तिला राहू दे, तर मी रागावलो असतो पण तुझं ऐकलं असतं. माझं आजवरचं सगळं आयुष्य त्याला साक्षी आहे. तू मागितलं नाहीस. घेतलंस.

कागद पाठव.

धाकटा


दि. २१ नोव्हेंबर

दादास,

कागद परत आला. सही नाही. सोबत वहिनींची चिठ्ठी होती, की घरातल्या गोष्टी वकिलासमोर नेऊन तुम्ही आम्हाला काळिमा फासला, आणि धाकटी गेल्या आठवड्यापासून मशीनवर बसत नाही, वरच्या खोलीत बसून असते, तिला समजावा.

मी तिला समजावणार नाही. काम सोड असं मी तिला सांगितलेलंही नव्हतं. मला वहिनींच्याच चिठ्ठीतून कळलं. मग मी चष्मेवाल्याकडे फोन करून तिला विचारलं. ती म्हणाली, “शिवणाला असलेल्या बाईला नोटीस न देता काम सोडता येतं.” खूप दिवसांनी आम्ही दोघं हसलो. मग ती रडली आणि मी रोलरच्या आवाजात काही ऐकू येत नसल्यासारखं केलं, कारण मुकादम शेजारी उभा होता.

वहिनींची चिठ्ठी घेऊन मी वकीलबाईंकडे गेलो. मी म्हटलं, आता खरं खरं लिहा. भावाने जाणूनबुजून खोटं सांगितलं, बाई फुकट कामाला मिळावी म्हणून, असं लिहा. शेजारचा चष्मेवाला साक्ष द्यायला तयार आहे. त्यांनी मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, “असं लिहिलं तर भाऊ उलट लिहून देईल, की लग्नच खोटं आहे. मग कचेरीवाले दोघांच्या भांडणात कशाला पडतील? नाही म्हणून मोकळे होतील. तुम्हाला बायको आणायचीय का भावाला धडा शिकवायचाय? दोन्ही एका अर्जात बसत नाही.”

मी विचारलं, मग काय लिहायचं?

त्यांनी नवा मसुदा केला. तो सोबत आहे. त्यात म्हटलं आहे, की तो फोन तू घेतलास, समोरचा कोण हे न कळल्याने तुझा गैरसमज झाला, आणि त्या गैरसमजातून तू चुकीचं उत्तर दिलंस. बाकी मजकूर पहिलाच आहे.

गैरसमज हा शब्द मी त्यांच्यासमोर खोडला होता. त्यांनी कागद पुन्हा टाइप केला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, “गुरुजी, हा शब्द शुद्ध आहे.” आमच्या मुकादमाने त्यांनाही माझं नाव सांगून ठेवलेलं दिसतं. मी तो कागद घेऊन घरी आलो. आमच्या खोलीत चौघं राहतो, टेबल एकच आहे, त्यावर कुणाचं ना कुणाचं ताट असतं. मी खाटेवर बसून तो पुन्हा पुन्हा वाचला. शेवटी शब्द राहू दिला.

म्हणजे तू या कागदावर सही केलीस तर तू स्वच्छ. पुढे कुणी कधी तो वाचला तर त्यात एक साधा, गडबडलेला मोठा भाऊ दिसेल. मी तुला हे देतो आहे. तू मागितलेलं नसताना. तू काय बोललास आणि तिने काय ऐकलं, ते कुठल्याही कागदावर येणार नाही, आणि ते मी विसरणार नाही. वहिनींना तू काय सांगितलं आहेस ते तुझं तू बघ.

ती आता मशीनवर बसणार नाही. तेव्हा सही अडवून तुझ्या हाती काही लागायचं नाही, एवढाही हिशेब करून ठेव. सही आली, की तिला घ्यायला चष्मेवाल्याची बायको येईल. व्हिसा हातात पडेपर्यंत ती त्यांच्याकडे राहील. तिची पेटी अडवू नकोस. त्यात दुकानाचं काही नाही, कात्रीसुद्धा नाही, तिने मुद्दाम काढून काउंटरवर ठेवली आहे.

मसुद्यात सगळं टाइप केलेलं आहे. फक्त सहीच्या वर एक जागा मोकळी आहे. सदर स्त्रीशी आपलं नातं काय, असा तिथे प्रश्न आहे. मी ती भरून पाठवणार होतो, म्हणजे तुझ्या हातून चूक व्हायला नको. वकीलबाईंनी हात धरला. म्हणाल्या, ते सही करणाऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचं असतं, नाहीतर धरत नाहीत.

तेव्हा ते तुला लिहावं लागेल. काउंटरवर बसून, तिची खुर्ची समोर रिकामी असताना, स्वतःच्या हाताने. लहान शब्द आहे. भावजय. भ ला काना, व, ज, य. अडखळलास तर इथलं बघून लिही.

सही येईपर्यंत तुझाच,

धाकटा