फिदेन्सिओच्या फोटोची अब्रू

लॉस एंजेलिस, १४ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आन्सेल्मो भाऊजींना ओतिलियाचा नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतो? तिकडे मेक्सिकोत साकातेकासला थंडी सुरू झाली असेल, तेल लावून घेत जा. इकडे मी धडधाकट आहे, फक्त गुरुवारपासून घास उतरत नाही. भाऊजी, तुमचा धाकटा भाऊ, एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून गेली चार वर्षं दफनभूमीत शांत पडलेला माझा फिदेन्सिओ, टीव्हीवर अमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या झालाय!

नीट सांगते. मार्चमध्ये आमच्या गल्लीत मालिकेवाले आले. त्यांना मेक्सिको हवा होता (खरा मेक्सिको विमानाने तीन तासांवर, पण तो म्हणे त्यांना पुरेसा मेक्सिकोसारखा वाटला नाही). समोरच्या चेलाबाई, दातांच्या डॉक्टर, त्यांच्या दारात या लोकांनी दोन पोती धूळ ओतली, अकरा कोंबड्या सोडल्या आणि वर त्यांनाच मोलकरणीचं काम करता का विचारलं. धूळ अजून निघतेय. माझ्याकडे मात्र एक गोड मुलगी आली, म्हणाली, आजी, घरात एखाद्या रुबाबदार पुरुषाचा फोटो आहे का? अहो, मी विरघळलेच! मला वाटलं, मालिकेत कुणी भला माणूस वारला असेल, त्याच्या वेदीवर ठेवतील. आपण पितरांच्या दिवशी वेदीवर ठेवतो तोच मी काढून दिला. काळा कोट, पिळदार मिशी (तुमच्या घराण्याची, तुमचीही तश्शीच). वर शालीच्या टोकाने पुसून दिला. कागदावर सही केली ती न वाचता. (फिदेन्सिओ असता तर त्याने आधी त्यातल्या चुका काढल्या असत्या.) फोटो त्यांनी परत आणून दिला, तोही आभार मानून.

गुरुवारी मी मक्याचे वाफवलेले तमाले करून सगळ्या गल्लीला बघायला बोलावलं. पाचव्या मिनिटाला पोलिसांचा फळा आला. त्यावर वीसेक फोटो, आणि सगळ्यांचे लाल दोरे येऊन थांबले माझ्या नवऱ्याच्या नाकावर. साहेब म्हणाला, हाच तो कसाई! पिंजऱ्यात उंदीर सापडला तर बागेत नेऊन सोडायचा हो तो माणूस! माझ्या हातातलं ताट पडलं. चेलाबाई म्हणाल्या, "निदान हाताखाली माणसं तरी दिली त्याला. मला केरसुणीच देत होते." मी त्यांच्याशी बोलत नाही.

तेवढ्यावर थांबेल तर शपथ. शनिवारी बातम्यांत टोळ्यांवर चर्चा, चार तज्ज्ञ भांडतायत, आणि मागे पडद्यावर कोण? फिदेन्सिओ! खराखुरा गुन्हेगार म्हणून! मी वाहिनीला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, चेहरा शोभत होता. शोभत होता! मी विचारलं, मग चर्चेला आम्हा मेक्सिकनांतला एकही माणूस का नाही? ती म्हणाली, होता ना, मागे पडद्यावर.

पण खरं सांगू? जीव तुटला तो काल. सात वर्षांची नात मारिबेल झेंडूची फुलं निवडत होती. तिने विचारलं, आजोबांनी माणसं मारली तेव्हा आजी तू कुठे होतीस? दरवर्षी फोटोपुढे पाणी तीच ठेवते. आता त्याला हात लावत नाही. मला रडूच फुटलं, भाऊजी. दोन नोव्हेंबरला पितर घरी येतात, मी त्याला कुठल्या तोंडाने बोलवू?

पोराबाळांना आशीर्वाद, गाईंना कुरवाळा. इति,
ओतिलिया

ता. क. – फिदेन्सिओच्या पन्नाशीला तुम्ही त्याचं तोंड केकमध्ये दाबलं होतंत, आठवतं? मिशीभर क्रीम, आणि हसतोय. तो फोटो मी घरात कधी लावू दिला नाही, लाज वाटायची. तो तुमच्याकडेच आहे; वेदीवर आता तोच हवाय. टपालाने नको, तुम्ही स्वतः घेऊन या. आजोबा कसे होते ते मारिबेलला तुम्हीच सांगा, माझ्यावर तिचा विश्वास उरलेला नाही.

आणखी एक ता. क. – विमानतळावरचे साहेबही तीच मालिका बघतात. चेलाबाईंच्या भाच्याला पाच तास बसवून ठेवलं, आणि त्याला तर मिशी अजून फुटायचीय. रागावू नका, हात जोडते, पण निघण्याआधी मिशी काढून या. वेदीवर मामंजींचाही फोटो असतो, घराण्याच्या मिशीबद्दल त्यांची माफी मी मागेन.