बेडकासाठी कौलं

चोफू, टोकियो
१४ ऑक्टोबर १९९१

प्रिय दादा,

वाकून नमस्कार. तिकडे थंडी पडायला लागली असेल. वहिनींनी मुळे सोलून वळचणीला टांगले असतील आणि तुझे गुडघे रेडिओच्या आधी पाऊस सांगत असतील. मी उत्तम आहे. वजन वाढलंय आणि कामही वाढलंय, त्यामुळे वजनाकडे बघायला वेळ नाही.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू भट्टीपुढे उभा राहून नुसता "हं" म्हणतोस आणि त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझा अख्खा दिवस जातो. पत्राला तरी तुला बसावं लागेल.

आईच्या वर्षाच्या विधीला आले होते, तेव्हा निघताना मी दारात बूट घालत होते आणि तू मागून म्हणालास, "चिझुरु, हे एवढं वर्ष मी ओढतो. प्लमला फुलं येईपर्यंत सांग. येऊन दुकान सांभाळतेस, की भट्टी विझवू?" मी बुटाची नाडी बांधत राहिले. त्या बुटाला नाडी दोनदा बांधायची गरज नव्हती, हे तुलाही दिसलं असणार. तर त्याबद्दल मला सविस्तर लिहायचंच आहे. पण आधी बेडूक.

दादा, तुझ्या दोरोगामाचा सिनेमा होतोय! खराखुरा, माणसांचा, पडद्यावरचा. तळ्यातून चिखल निथळत वर येणारा तोच राक्षसी बेडूक. आमच्याच स्टुडिओत. आणि तो ज्या गावावर चालून जातो ते गाव कोण बांधतंय? मी. अख्खा बाजार, विजेच्या खांबांसकट, तारांसकट, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीचा.

तुला ते भाड्याचं पुस्तक आठवतं ना? तू चौदाचा होतास, मी सहाची. भट्टीमागच्या खोलीत तू मला त्या मांगावरूनच, त्या चित्रकथेवरूनच, अक्षरं शिकवलीस. शाळेत बाईंनी "ग"चा शब्द विचारला आणि मी "गामा, चिखलातला" म्हणाले. आणि बेडूक बाजारातल्या एका घरावर ऐसपैस बसतो ते पान! तू म्हणालास, "हे आपलंच घर आहे, फक्त पाटी राहिली आहे," आणि पेन्सिलीनं पाटी काढलीस, 'कागितानी'. भाड्याच्या पुस्तकात! दुकानदारीण म्हातारी दारात उभी राहून किंचाळली, बाबांनी तुझ्या कानाखाली काढली आणि ते पुस्तक विकत घ्यावं लागलं. त्यानंतर तुझ्या हातात मी पेन्सिल पाहिली ती फक्त ऑर्डर लिहिताना.

आता काम. मला तुझ्याकडून कौलं हवी आहेत.

प्लास्टरची कौलं ढेकळासारखी फुटतात. लाकडाची तर फुटतच नाहीत. कॅमेऱ्यातली फिल्म आम्ही भरधाव फिरवतो, म्हणजे पडद्यावर सगळं संथ आणि अवजड दिसतं, आणि त्या संथपणात खोटं कौल लगेच पकडलं जातं. परवा जेवणानंतर मोनाका खात होते, आत गोड पुरण आणि वर आपल्या भट्टीतल्यासारखीच कुरकुरीत पारी. दातांखाली पारी फुटली, पापुद्रे टेबलभर उडाले आणि मी तोंडात घास तसाच ठेवून ओरडले. लोकांना वाटलं दात पडला.

बाबांचा तो लहान लोखंडी साचा आहे ना, बांबूच्या पेराच्या आकाराचा, देवळाच्या उत्सवाला काढायचे तो? त्यातली पारी उलटी घातली की हुबेहूब आपल्याकडचं कौल. फक्त दोन गोष्टी आहेत. आपली कौलं काळी असतात, तेव्हा पाऱ्या चांगल्या करपवाव्या लागतील. आणि नंतर त्यांच्यावर बेडूक बसणार आहे.

तुझा चेहरा मला इथून दिसतोय. "चार पिढ्या पारी करपू नये म्हणून उभ्या राहिल्या आणि ही म्हणते करपव! आणि वर खायच्या वस्तूवर बसायचं!" ओरडून घे. मग विचार कर.

दुसऱ्या गोष्टीबद्दल पुढच्या पत्रात नक्की लिहिते. वहिनींना नमस्कार.

तुझी
चिझुरु


चोफू
९ डिसेंबर १९९१

प्रिय दादा,

खोकं पोचलं. नमस्काराच्या आधी हे लिहितेय, यावरून काय ते समज. प्रत्येक थरात कागद, कोपऱ्यात ओल शोषायच्या पुड्या, एकही पारी मोडलेली नाही. आणि सोबत तुझी चिठ्ठी: "बाबांच्या तसबिरीवर फडकं टाकून भाजल्या. मोडणार नाहीत तेवढ्या माणसांनी खायच्या." ती मी माझ्या टेबलापुढे लावली आहे. येणारा-जाणारा वाचतो आणि विचारतो, "बाबा फार कडक होते का?" मी म्हणते, "बाबा नाही, पाऱ्या."

आता वाईट बातमी. वाचताना उभा असशील तर बस.

काल चाचणी घेतली. बेडकाच्या सोंगात शिरणारे आमचे उरुशिबारा, पन्नाशीचे, एकदम सभ्य गृहस्थ. आत गेले की पक्के बेडूक. सोंगाला चिखलाची चमक यावी म्हणून त्यावर चिकट खळ फासतात, वर पाण्याचा फवारा मारतात. एका सुट्या छपरावर ते ऐटीत बसले. काही आवाज नाही. कडकड नाही, कुरकुर नाही, ओल्या पुठ्ठ्यावर बसावं तसे बसले. आणि उठले तर अर्धं छप्पर त्यांच्या मागच्या बाजूला चिकटून वर!

उरुशिबारांना आतून मान वळवता येत नाही. ते बिचारे गोल फिरत विचारतायत, "मागे काय झालंय? कुणीतरी सांगा ना!" मग दिव्यांवरची माणसं हसायला लागली, मग सगळेच. आमचे दिग्दर्शक इमाझु हसले नाहीत. म्हणाले, "कागितानीबाई, आपला राक्षस गाव उद्ध्वस्त करतोय की घर पाठीला बांधून भाड्याची खोली शोधतोय?"

पारीला ओल लागली की ती मेली. हे मी बोलायला लागायच्या आधीपासून ऐकत आले आहे. पावसाळी दिवसांत आई आपल्याला अंगण ओलांडून भट्टीच्या खोलीत यायला बंदी करायची, पाय ओले असतील म्हणून. आणि पारीवाल्यांची मुलगी मी, भर फवाऱ्याखाली पाऱ्या मांडून बसले! हे तू गावात कुणाला सांगू नकोस.

इमाझुंनी निर्वाणीचं सांगितलंय: फेब्रुवारीत शॉट आहे, तोवर जमलं नाही तर प्लास्टर. घर एकदाच मोडता येतं, दुसरं बांधायला वेळ नाही. मी म्हटलं, "जमेल." त्यांनी विचारलं, "कसं?" मी म्हटलं, "माझ्या भावाला माहीत आहे." आता तुला माहीत असलंच पाहिजे, दादा, नाहीतर माझी पंचाईत आहे.

फवारा कमी करता येईल, खळ बसायच्या भागावर न फासता चालेल. पण चिखलातल्या बेडकाभोवती हवाच दमट असते. तू काय करशील?

त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. या पत्रात लिहिणार होते, पण डोक्यात बेडूक बसलाय. वर्ष संपायच्या आत लिहिते. तुझा कासुओ ओसाकाहून सुट्टीला येतोय का? बँकेत बसून त्याचे हात मऊ झाले असतील. त्याला एक दिवस तरी भट्टीपुढे उभं कर, म्हणजे आजोबांची भट्टी निदान विसरणार तरी नाही.

तुझी
चिझुरु


चोफू
२० फेब्रुवारी १९९२

प्रिय दादा,

सुखरूप पोचलास, हे वहिनींच्या फोनवरून कळलं. त्या म्हणाल्या, "हे आल्यापासून कमी बोलतायत." मी विचारलं, "याहून कमी कसं बोलतात?" तर त्या बराच वेळ हसल्या.

तू इथे होतास, तरी सगळं पुन्हा लिहिणार आहे. कारण तू घराकडे पाहत होतास आणि मी तुझ्याकडे.

"सकाळी भाजलेली सकाळीच मोडली पाहिजे" एवढंच पोस्टकार्ड पाठवून तू साचा आणि गॅसची शेगडी घेऊन स्टुडिओच्या दारात उभा राहिलास. पहारेकरी तुला आत सोडेना. म्हणाला, "खाणावळ मागच्या बाजूला आहे." तू म्हणालास, "मी कौलं लावायला आलोय." मग मला बोलावणं आलं.

तू भाजत होतास आणि मी गरम गरम लावत होते. आपण दोघं एका कामावर शेवटचे कधी होतो, ते मला आठवत नाही. तू मध्येच छपराकडे बघून म्हणालास, "उजवीकडची ओळ वाकडी आहे." मी म्हटलं, "आपल्या घराची ओळ वाकडीच आहे." तू मान वर केलीस आणि तेव्हा तुला पाटी दिसली. तुझ्याच अक्षरातली, पेन्सिलीतली, मी फक्त लाकडावर मोठी केलेली. एक पारी तेवढी खरोखर करपली, सांगितल्याशिवाय.

मग इमाझुंनी तुला विचारलं की बसण्याआधी बेडकानं काय करावं. सभ्यतेखातर विचारलं त्यांनी, पारीवाल्याकडून उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. तू म्हणालास, "आधी गळा फुगतो. मग डोळे अर्धे मिटतात. त्याला राग आलेला नाही. दमलाय तो." त्यांना समजेना, तेव्हा तू माझी पेन्सिल उचललीस आणि भिंतीला टेकवलेल्या फळीवर काढून दाखवलंस. चार-पाच रेघा. दादा, इतकी वर्षं ती रेघ तुझ्या हातात नुसती बसून होती!

आणि उरुशिबारा सोंगात शिरायच्या आधी तुझ्यापुढे वाकून म्हणाले, "साहेब, तुमच्या घरावर बसायचं आहे. परवानगी असावी." तू म्हणालास, "बसा. पण नीट बसा. भीत भीत बसलात तर आवाज येणार नाही."

काय बसले ते! गळा फुगला, डोळे मिटले आणि सगळं घर एकदम कडाडलं. पापुद्रे दिव्यांपर्यंत उडाले. इमाझुंनी "कट" म्हटल्यावर टाळ्या झाल्या आणि मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तू हसत होतास, तोंड उघडं टाकून, पुस्तकातलं ते पान पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा हसला होतास तसा. मग तू वहिनींनी दिलेला पुरणाचा डबा उघडलास आणि उरलेल्या पाऱ्या भरून सगळ्यांना वाटल्यास. उरुशिबारांनी सोंगातून फक्त डोकं बाहेर काढून खाल्ल्या. सगळे म्हणाले करपल्याची चव छान लागते. बाबांना सांगू नकोस.

आता ती गोष्ट. दोन दिवस आपण एका खोलीत झोपलो, एका टेबलावर जेवलो आणि दोघांनीही ती काढली नाही. तिकडे प्लम फुललं असेल. मी लिहिते.

मी येणार नाही, दादा.

कारण शोधत होते, एखादं भारदस्त कारण. सापडलं नाही. मला हे काम आवडतं, एवढंच आहे. तुला अठ्ठावीस पत्रं लिहिली तरी एवढंच राहील. मोठा मुलगा म्हणून तू भट्टीपुढे राहिलास, म्हणून मला टोकियोची गाडी पकडता आली, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याची मला लाज वाटत नाही, पण ते विसरून "नाही" लिहिणं जमेना. तेवढ्यासाठी ऑक्टोबरपासून बेडकाच्या आड लपले होते.

आणि आता साच्याबद्दल. तू निघाल्यावर माझ्या टेबलावर तुझ्या एप्रनमध्ये गुंडाळलेला साचा सापडला. बाबांचा, बांबूच्या पेराचा. पण फक्त खालचा अर्धा. वरचा तू घेऊन गेलास. विसरलो म्हणू नकोस, तू आयुष्यात शेगडीची कळ फिरवायला विसरला नाहीस. नुसत्या खालच्या साच्यात पारी भाजत नाही. म्हणजे तुला म्हणायचंय की हा घेऊन घरी ये. तोंडानं सांगायचं नाही, लोखंडानं सांगायचं, असा तुझा स्वभाव.

ठीक आहे. मीही त्याच घरातली आहे. खालचा साचा मी देणार नाही.

एप्रिलमध्ये बेडूक किल्ल्यावर चढतो, पुस्तकातलं शेवटचं प्रकरण. तुला पाठ आहे. किल्ल्याचं छप्पर बाजारापेक्षा मोठं आहे आणि ते माझ्या एकटीच्यानं होणार नाही. तुझं चित्र अजून त्या फळीवर आहे, इमाझुंनी त्यावर "हात लावू नये" अशी चिठ्ठी डकवली आहे, आणि रोज मला विचारतात, "भाऊ परत कधी येणार?" पाहुणा म्हणून विचारत नाहीत. किल्ल्याआधीची सगळी चित्रं त्यांना तुझ्याकडून हवी आहेत.

तू मला घरी बोलावलंस. मी तुला इकडे बोलावते. भट्टी विझवायची असेल तर नीट विझव, वहिनींना शेजारी बसवून, बाबांच्या तसबिरीवरचं फडकं काढून. त्यांना सांग की आपण आयुष्यभर मोडण्यासाठीच भाजत आलो आणि तो आवाज आता सगळ्या देशाला ऐकू येणार आहे. मग दोघं या. खोली मी बघून ठेवली आहे, तळमजल्यावरची, तुझ्या गुडघ्यांसाठी.

येताना वरचा साचा आण. खालच्याला मी तेल लावून ठेवलंय.

न येणारी आणि वाट पाहणारी,
तुझी
चिझुरु