पाणी कधी येणार

१४ मार्च

ताई,

पाया पडतो. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे हिचा खोकला थांबला. बाकी देवाच्या कृपेनं बरं आहे.

एक गंमत सांगतो. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडणार, हे आजवर फक्त मला ठाऊक असायचं. टाकी भरेल तसं ते ठरतं. तेवढ्यावर न्हावी पैसे घेत नव्हता, दुकानात हिला रांग नव्हती. कुणी विचारलं की माहीत असूनही मी "बघू" म्हणायचो. त्या एका शब्दात काय गोडी असते! देव काहीच सांगत नाही, म्हणूनच त्याला एवढे नमस्कार होत असतील का, असं एकदा पूजेत मनात आलं आणि मी कान पकडले.

सोमवारपासून मी टाकीच्या फाटकावर फळा लावतो. गल्ली आणि वेळ, सगळ्यांना दिसेल असं. न्हाव्यानं लगेच पैसे मागितले. ही म्हणाली, "बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालायची हौस फिटली का?"

आत्ताच का सुचलं, हे लिहायचं टाळत होतो. तू आणलेलं स्थळ, लाँड्रीवाल्यांचा मुलगा. त्याचे वडील रोज चहाला यायचे आणि उठता उठता हळूच वेळ विचारायचे. होणारे व्याही म्हणून त्यांना मी सांगायचो. मग त्यांची मोटार सर्वांआधी सुरू, आणि खालच्या गल्लीतल्या नळांना नुसती हवा. ते आमच्या मुलीला मागतायत की पाण्याला, हे मला बघायचं होतं. फळा लागल्यापासून ते फिरकलेले नाहीत.

पण मुलीला तो मुलगा आवडलाय, ताई. हे ठाऊक असूनही मी तिला विचारलं नाही.

ती म्हणाली, "बाबा, परीक्षा त्यांची आणि नापास मी?" चपला घातल्या आणि सरळ लाँड्रीत गेली.

मुलगा काय म्हणाला, ते मला सांगत नाही. आईला सांगितलंय. ही गालात हसते आणि भाजी चिरत बसते. काल मी मुलीची सायकल पुसली, न सांगता चहा करून दिला. हळूच विचारलं, "काय म्हणाला गं?" तर म्हणते, "फळ्यावर लिहीन."

तिनं तुला फोन केला असणार. मी केला की तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. स्थळ टिकलं असो की मोडलं असो, दोन ओळी लिही. तिच्यावर रागावणार नाही. तो हक्क मला उरलेला नाही.

पोस्टमनला रोज चहा विचारणारा,
तुझा धाकटा